वर्गणी चालू, खेळ संपेना

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपट्याला घटकाभर थांबते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग याच स्थानकावर चित्रित झाला, हे गावातील मुले पाहुण्यांना अगत्याने सांगतात. गेल्या दिवाळीत मी धाकट्या बहिणीकडे आपट्याला गेले, तेव्हा तिने बँकेचे पासबुक माझ्यापुढे ठेवले. दरमहा १४९ रुपयांची एक, अशा अकरा नोंदी. “ताई, हे कशाचे पैसे जातात ग?” उत्तर तेरा वर्षांच्या भाच्याकडे होते. मोबाइलवरील खेळांची मासिक वर्गणी त्याने आईला विचारूनच सुरू केली होती. आईने एकदा पिन टाकला आणि ती विसरून गेली. “पण मावशी, ते अ‍ॅप मी जूनमध्येच काढून टाकलंय!” तो खरे बोलत होता. अ‍ॅप गेले होते, वर्गणी राहिली होती.

वाचकहो, वर्गणी हा शब्द आपल्याला नवा नाही. वाचनालयाची मासिक वर्गणी भरून आपली पिढी मोठी झाली. मात्र तेथे एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि ते परत केल्यावाचून दुसरे मिळत नसे. खेळांच्या वर्गणीत ही अट नाही. ठरावीक रक्कम भरली की शेकडो खेळांचे कपाट एकदम उघडते. मायक्रोसॉफ्टची ‘गेम पास’ ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, ‘अ‍ॅपल आर्केड’ २०१९ मध्ये आली, तर गूगलचा ‘प्ले पास’ २०२२ मध्ये महिना ९९ रुपये दराने भारतात आला. नेटफ्लिक्सच्या सभासदांना तर २०२१ पासून चित्रपटांसोबत खेळही मिळतात.

या सेवांना सरसकट दूषणे देणे मला न्याय्य वाटत नाही. ‘फुकट’ म्हणवणारे खेळ मुलांकडून पदोपदी काहीतरी मागत असतात: ही जाहिरात पाहा, ही तलवार विकत घे, उद्या आला नाहीस तर बक्षीस बुडेल. ‘आर्केड’ किंवा ‘प्ले पास’मधील खेळांत जाहिराती नसतात आणि खेळता खेळता वेगळे पैसे मागितले जात नाहीत. लहान मुलांसाठी हा खचितच बरा सौदा आहे.

अडचण निराळ्याच ठिकाणी आहे. खेळाला शेवट असतो. संध्याकाळी दिवेलागणीला हाक आली की लगोरी संपत असे. विकत घेतलेला खेळही केव्हातरी पुरा होतो. वर्गणीतला खेळ पुरा होण्याआधीच दुसरा पुढे येऊन उभा राहतो. त्यात ‘पैसे भरलेत, तर वसूल केलेच पाहिजेत’ ही आपली जुनी वृत्ती. बहिणीने सांगितले, की सुरुवातीच्या महिन्यांत वर्गणीची तारीख जवळ आली की मुलगा रात्री साडेअकरापर्यंत जागा असे, आणि सकाळी दप्तर भरतानाही त्याचे डोळे मिटत असत.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला, ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. रोज तासभर खेळणारे प्रत्येक मूल त्यात बसत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. आणि ती साधारणतः वर्षभर टिकावी लागतात. अर्थात सल्ला घेण्यासाठी वर्ष सरण्याची वाट पाहायची नसते. झोप, भूक, शाळा आणि मित्र या चारांपैकी दोन बिघडले, तर मी थांबणार नाही. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आता पैशांकडे वळू. आवर्ती देयकांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पहिल्या वेळी ग्राहकाची संमती आणि पडताळणी, त्यानंतर प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना. परंतु १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दरमहा पुन्हा ओटीपी लागत नाही, आणि सूचनेचा तो संदेश कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत बुडून जातो. बहिणीकडेही संदेश आले होते. अकराच्या अकरा, न वाचलेले. वर्गणी रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे याला मात्र केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘वर्गणीचा सापळा’ म्हणून मनाई केली आहे. तसे आढळल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा अनेक पालकांना वाटले की वर्गणीही बंद होणार. तसे नाही. जी वर्गणी पैज वा पणाच्या स्वरूपाची नाही, तिला या कायद्याने मोकळीक दिली आहे. तेव्हा या सेवा राहणार, आणि वाढणार.

कशा वाढतील, याची चिन्हे आताच दिसतात. ‘गेम पास’च्या सर्वांत वरच्या श्रेणीचा भारतातील दर ऑक्टोबर २०२५ मध्ये ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेला. पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टची ‘क्लाउड’ सेवा भारतात आली: खेळ दूरच्या संगणकावर चालतो आणि आपल्या पडद्यावर केवळ चित्र येते. मला याचीच अधिक काळजी वाटते. आजवर महागडे यंत्र परवडत नाही, हाच मध्यमवर्गीय घरातला कुंपणाचा दगड होता. उद्या बैठकीच्या खोलीतला टीव्ही आणि बरे इंटरनेट एवढेच पुरेल. शिवाय या कपाटातले काहीही आपल्या मालकीचे नसते. खेळ केव्हाही काढून घेतला जातो, आणि कधी अख्खी सेवाच मिटते. गूगलची ‘स्टेडिया’ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद पडली.

आपट्याला आम्ही जे केले ते सांगते. फोनमधील अ‍ॅप-स्टोअरच्या वर्गण्यांची यादी आणि यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ची यादी, दोन्ही उघडून पाहिल्या. तुम्हीही पाहा, दोहोंत मिळून काहीतरी विसरलेले निघेलच. वर्गणी रद्द करायला चार मिनिटे लागली. फोन रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात ठेवायचे ठरले, आईबाबांचेसुद्धा. भाऊजी जरा कुरकुरले.

भाच्याने मग भीतभीत विचारले, “मे महिन्यात एकच महिना घेऊ?” बहुतेक सेवांत वर्गणी सुरू केल्या दिवशीच रद्द केली, तरी भरलेला महिना पुरा वापरता येतो. बहिणीने भिंतीवरचे नवे कॅलेंडर काढून मे महिन्याचे पान उलटले, १ तारखेखाली ‘चालू, लगेच रद्द’ असे लिहिले, आणि पेन्सिल त्याच्या हाती दिली. ३१ तारखेभोवतीचे वर्तुळ त्यानेच काढले.