मोतमाऊलीच्या पायथ्याची घरं

आज जुन्या घरांबद्दल आणि जुन्या दुकानांबद्दल बोलायचं आहे. वाडे आणि किल्ले नकोत, साधी राहती घरं. आणि तीसुद्धा मुंबईतल्या वांद्र्याची. वांद्रे म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नट-नट्यांचे बंगले उभे राहतील. पण वांद्रे मुळात गाव, भातशेतीचं आणि मासेमारीचं. शहर त्याच्या अंगावर चढलं, तरी त्या गावाच्या काही गल्ल्या अजून शिल्लक आहेत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या आम्ही चौघी मोतमाऊलीच्या जत्रेला गेलो होतो. मोतमाऊली म्हणजे वांद्र्याच्या टेकडीवरची मेरीमाता. ८ सप्टेंबर हा तिचा जन्मदिवस, आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते. नवस बोलायला सगळ्या जातिधर्मांच्या बाया येतात. तिथल्या दुकानांत मेणाच्या वस्तू मिळतात. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, आणि घर हवं असेल तर मेणाचं घर. आमच्यातल्या एकीने घर घेतलं. मी म्हटलं, "अगं, तुला घर आहे की!" ती म्हणाली, "आहे, पण माझं कुठंय?" त्यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही.

टेकडी उतरून आम्ही रनवार नावाच्या भागात शिरलो. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना मंगलोरी कौलांची एकमजली-दुमजली घरं, पुढे ओटा, वर लाकडी कठड्याची गॅलरी. मला पहिल्यांदा काय खटकलं असेल, तर जिना. तो घराच्या आत नव्हता, बाहेरून वर जात होता. ओट्यावर एक म्हातारी बसली होती, तिला विचारलं. तिने मराठीतच सांगितलं, जराशी वेगळी मराठी, पण आपलीच. खाली घरचे राहायचे, भाताची कणगी असायची. वरचा मजला भाड्याने द्यायचा. भाडेकरू आपल्या जिन्याने वर जाईल, आपल्या स्वयंपाकघरातून कशाला जाईल? बघा, एका जिन्यावरून घराचा जमाखर्च कळला. शेतीला भाड्याची जोड होती, आणि ती घरातल्या घरात होती.

ही माणसं ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी असलं तरी ती इथलीच, साष्टी बेटावरची. पोर्तुगीजांच्या राज्यात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले, पण भाषा मराठीच राहिली. पुढे नोकऱ्यांसाठी गोव्याचे आणि मंगलोरचे ख्रिस्ती मुंबईत आले. तेव्हा आपण वेगळे, इथले मूळचे, हे कळावं म्हणून १८८७ साली त्यांनी हे नाव घेतलं. त्यांच्या बायकांचा बाटली मसाला प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाले वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळात कुटायचे आणि बाटल्यांत ठासून भरायचे. म्हणून बाटली मसाला. कुटणाऱ्या बाया घरोघर जायच्या. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तिखट-मसाला होतो, तसंच.

आता या गावाचं उपनगर कसं झालं ते सांगते, कारण त्यात एका बाईचा हात आहे. वांद्रे आणि माहीम यांच्यामध्ये खाडी. पलीकडे जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात होड्या बुडायच्या. खाडीवर रस्ता बांधायला कंपनी सरकारने पैसा दिला नाही. तो दिला अवाबाई जमशेदजी जीजीभाय यांनी, १ लाख ५७ हजार रुपये. अट घातली की या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. माहीमच्या रस्त्याला आजही लेडी जमशेदजींचं नाव आहे. आपण ते नवऱ्याच्या नावाने वाचतो, म्हणून मुद्दाम सांगते की बाईचं स्वतःचं नाव अवाबाई.

मग १८६०च्या दशकात रेल्वे आली, आणि वांद्र्याची भाजी, मासळी शहरात आणि शहराची माणसं वांद्र्यात येऊ लागली. स्टेशनजवळच्या बाजार रोडवर खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरं झाली. दुकानदाराला रात्री कुलूप लावून लांब जायला नको, आणि दुपारी तो जेवायला वर गेला की गल्ल्यावर घरची बाई बसणार. बाजार कोणाच्या जिवावर चालला हे पाटीवरच्या नावावरून कळत नाही. बेकऱ्याही इकडे बऱ्याच. पाव हा शब्दच पोर्तुगीज आहे. पगार, चावी, बटाटासुद्धा त्यांचेच. आपण ते रोज बोलतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

गल्लीच्या तोंडाशी, घरांच्या भिंतीला लागून क्रूस दिसतात. काही नुसते पांढरे, काहींवर नाव आणि साल कोरलेलं. त्यातले बरेच प्लेगच्या वेळचे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसं पटापट जात होती, सरकार घरं रिकामी करत होतं. वांद्र्याच्या लोकांनी, साथ गल्लीत शिरू नये म्हणून, गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले. आपण वेशीवर मरीआईला नारळ देतो, तीच भावना. ही साथ पुढे पुण्यापर्यंत पोचली, आणि रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला त्याच प्लेगने गेल्या. त्या क्रुसासमोर उभी असताना मला हे आठवलं, आणि शाळेत पाठ केलेली ती तारीख पहिल्यांदा खरी वाटली.

प्लेगने शहरातली दाटी नकोशी झालेली माणसं मोकळ्या हवेला उपनगरांकडे सरकली. शेतांचे प्लॉट पडले. गावठाण तेवढं मधे राहिलं, चारी बाजूंनी वेढलेलं. आज तिथे एका घराला दहा-बारा वारस असतात, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात. घर पडायला आलं तरी सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत दुरुस्ती होत नाही, आणि सह्या मिळाल्या की बहुतेक वेळा त्या बिल्डरच्या कागदावर असतात. एका गल्लीत भिंतींवर जुन्या सिनेमांची मोठी चित्रं रंगवली आहेत. पोरं त्यांच्यासमोर फोटो काढतात. चित्रं छान आहेत, पण ज्या भिंतीवर ती काढली आहेत ती बघायला कोणी थांबत नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? आपली घरंही गावठाणातच आहेत. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीत नमुना ८ असतो, घरपट्टीच्या आकारणीचा. त्यात घर कोणाचं, भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, हे लिहिलेलं असतं. जुन्या आकारणीची नक्कल काढली तर आपल्या आळीचा इतिहास तिथेच हाताला लागतो. दुसरी गोष्ट, २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू आहे. ड्रोनने गावठाण मोजून घरांची मिळकत पत्रिका, सनद मिळते. मोजणी होते तेव्हा घरी कोण आहे, नाव कोणाचं सांगितलं जातं, याकडे लक्ष ठेवा. नवरा-बायको दोघांची नावं घराला लावता येतात. ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि पोच घ्या.

आमच्या गटाने परत आल्यावर एक काम सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी एका जुन्या घरी किंवा दुकानी जायचं आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोलायचं. प्रश्न ठरलेले: लग्न होऊन आलीस तेव्हा चूल कुठे होती? पाणी कोणत्या विहिरीचं? दुकानात उधारी कोण लिहायचं? घर कधी वाढवलं आणि पैसा कुठून आणला? या शेवटच्या प्रश्नाला अर्ध्या घरांत एकच उत्तर मिळतं: "माझी पाटली मोडली." ते आम्ही वहीत तारखेसह लिहितो आणि तिचा अंगठा किंवा सही घेतो.

मेणाचं घर घेणारीने गेल्या महिन्यात पंचायतीत अर्ज दिला आहे. नवऱ्याची सही घ्यायला तिला चार महिने लागले. नमुना ८ ची नवी नक्कल अजून हातात आलेली नाही. आली की याच कार्यक्रमात तिच्याच तोंडून ऐकवू.