मार डोक्याला, कंप हाताला

डोक्याला मार लागला की पहिले काही दिवस आपण फार जपतो. शुद्ध आली का, उलटी झाली का, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो का, असे सारे विचारतो. टाके निघाले, रुग्ण घरी आला, की संकट टळले म्हणून सुस्कारा टाकतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण काही जणांना पुढे वेगळाच त्रास सुरू होतो. चहाचा कप तोंडाशी नेताना हात थरथरतो, अक्षर बिघडते, मान एका बाजूला वळते किंवा पाऊल आत मुरडते. अपघाताला तोवर इतके दिवस उलटलेले असतात, की या दोन गोष्टींचा संबंध कोणाच्या ध्यानातच येत नाही.

हात उचलण्याचा हुकूम मेंदूच्या पृष्ठभागाकडून सुटतो. पण ती हालचाल बेताची व्हावी यासाठी दोन कारभारी राबत असतात. एक म्हणजे मेंदूत खोलवर असलेले चेतापेशींचे समूह, 'बेसल गँग्लिया'. नको ती हालचाल दाबून हवी तेवढीच पुढे जाऊ देणे हे त्यांचे काम. दुसरा डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू. तो हालचालीचा नेमकेपणा सांभाळतो.

जोराच्या धडकेत डोके झटक्याने फिरते, आतला मऊ मेंदू पिळवटतो आणि त्यातले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. लहान मेंदूकडून वर जाणाऱ्या तंतूंना इजा झाली, तर हाताला मोठा कंप सुटतो. वस्तू घ्यायला हात पुढे केला की तो वाढतो. बेसल गँग्लियाला इजा झाली, तर स्नायू आपोआप आवळतात आणि अवयव पिळल्यासारखा वाकडा होतो. याला 'डिस्टोनिया' म्हणतात. इजा उजव्या बेसल गँग्लियाला असेल, तर हा त्रास डाव्या अंगाला होतो.

मग हे इतक्या उशिरा का? कंप काही आठवड्यांनी वा महिन्यांनी दिसू लागतो, डिस्टोनिया तर कधी काही वर्षांनीही. तुटलेल्या जोडण्यांच्या जागी मेंदू नव्या जोडण्या करू पाहतो आणि ही दुरुस्ती कधी कधी चुकते, असे तज्ज्ञ मानतात. म्हणूनच लुळ्या हातात ताकद परतू लागते, नेमका तेव्हाच कंप सुरू होतो. घरच्यांना वाटते, हा घाबरतो, मनाला लावून घेतो. कोणी दृष्ट काढते, कोणी अंगारा लावते. आधीच खचलेल्या माणसाला हा संशय फार लागतो.

वारंवार बसणारे ठोसेही घातक असतात. मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि कंपाचे वर्णन हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी १९२८ मध्येच केले होते. महंमद अली यांना १९८४ मध्ये कंपवाताचे निदान झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना थरथरणारा त्यांचा हात जगाने पाहिला. त्यांचा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर मात्र डॉक्टरांत एकमत नाही.

घाबरून जाण्याचे कारण नाही. किरकोळ मारानंतर असा त्रास झालाच, तर तो बहुधा सौम्य असतो आणि पुष्कळदा आपोआप थांबतो. टिकून राहणारा कंप मुख्यतः गंभीर इजेनंतर दिसतो. शिवाय काही कारणे दूर करता येतात. वृद्धांमध्ये साध्या पडण्यानंतरही मेंदूवरच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठते आणि काही आठवड्यांनी चाल मंदावते. तिथे शस्त्रक्रियेने गुण येऊ शकतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या व्हॅल्प्रोएटसारख्या औषधानेही हात कापतो. पण औषध परस्पर बंद करू नका. फिट येण्याचा धोका असतो. डॉक्टर मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील.

इतरांसाठी गोळ्या आहेत, व्यायामोपचार आहेत. आवळलेल्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. त्रास तीव्र असेल, तर निवडक रुग्णांच्या मेंदूत बारीक तार बसवून विद्युत संदेश देतात. पूर्ण बरे होण्याची हमी यातल्या कशातच नाही. पण स्वतःच्या हाताने घास घेता येणे हेही थोडे नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. अपघाताचे कागद आणि स्कॅनच्या फिल्म रद्दीत टाकू नका. हात कापू लागला, मान वळू लागली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जुन्या माराची हकिगत न विचारताही सांगा. आणि हेल्मेट वापरा. दुचाकीस्वारांना ते १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बंधनकारक केले आहे. हेल्मेटने डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. ते हँडलला अडकवून मात्र उपयोग नाही. डोक्यावर हवे, आणि पट्टा लावलेला हवा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)