कापूस ते कपाट – लेखांक ७ : पंचमीपासून मागे मोजा

गेल्या आठवड्यात आपण एका कुडत्याची किंमत उलगडली. कापड, शिलाई, काज-बटण, इस्त्री, वाहतूक असे सगळे आकडे मांडले, फक्त वेळेचा खर्च मुद्दाम बाजूला ठेवला. आजचा लेखांक त्याचाच.

छोट्या कपडा-ब्रँडचं वेळापत्रक बहुतेकदा आजपासून पुढे आखलं जातं. ‘कापड आलं की चार दिवसांत कटिंग, मग पंधरा दिवस शिलाई, म्हणजे दसऱ्याला माल हातात.’ ऐकायला हे ठीक वाटतं. पण या पद्धतीत गिऱ्हाइकाची तारीख रांगेत सगळ्यांच्या मागे उभी असते, आणि पुढच्या प्रत्येकानं लावलेला उशीर तिच्याच वाट्याला येतो. म्हणून शेवटची तारीख आधी ठोकायची आणि तिथून मागे यायचं. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते, ती अशाच हिशेबानं. एकादशी ठरलेली, मुक्काम ठरलेले, त्यावरून निघायचा दिवस ठरतो.

आपलं आजचं उदाहरण त्याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीचं आहे.

न हलणारी वेळ

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचं निर्वाण झालं. तेव्हापासून दर वर्षी पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक मौन श्रद्धांजलीसाठी जागच्या जागी स्तब्ध होतात. पांढरा पोशाख आणि डोक्यावर भगवी टोपी ही गुरुदेव सेवकांची ओळख. त्या पोशाखाची वर्षातली सगळ्यांत मोठी मागणी याच आठवड्यात असते, आणि तिला मिनिटापर्यंत ठरलेली वेळ आहे. पाच वाजता पोचलेली टोपी पुढच्या वर्षाची टोपी झाली.

यात एक मेख आहे. पुण्यतिथी तिथीनं पाळली जाते, अश्विन वद्य पंचमीला. तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. पंचांगानुसार ही पंचमी २०२३ मध्ये २ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये ११ ऑक्टोबरला आली. २०२५ ला तिथी आणि मूळ तारीख एकाच दिवशी आल्या, कारण चांद्र आणि सौर कालगणना साधारण १९ वर्षांनी पुन्हा जुळतात आणि १९६८ पासून तोवर १९ वर्षांच्या तीन फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यानं पंचमी ३० ऑक्टोबरला सरकते. म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक तसंच उतरवून काढलं, तर हिशेब तीन आठवड्यांनी चुकतो. नियोजनाच्या वहीत पहिली ओळ पंचांग पाहून लिहायची ती यासाठी.

आता मागे मोजू

समजा, मोझरीतल्या एका लहान ब्रँडला २०२६ च्या महोत्सवासाठी १,००० पांढरे सुती कुडते हवेत. शिलाई गावातल्या महिला बचत गटाकडे, मशीन दहा. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

महोत्सव पंचमीच्या आठवडाभर आधी रंगात येतो. म्हणून माल काउंटरवर २२ ऑक्टोबरला हवा. २० तारखेला दसरा, त्या दिवशी कोणी गाठोडी उचलणार नाही. तेव्हा पोचवायची तारीख १९ ऑक्टोबर. त्याआधी पाच दिवस धागे कापणं, तपासणी, इस्त्री आणि पॅकिंग. म्हणजे शिलाई १३ ऑक्टोबरपर्यंत आटोपली पाहिजे.

शिलाईला किती दिवस? एका कुडत्याला सरासरी ३० मिनिटं धरू. दहा मशीन रोज आठ तास चालली तर ४,८०० मिनिटं होतात, कागदावर १६० कुडते. पण वीज जाते, धागा तुटतो, बॉबिन संपते, शेजारच्या मशीनवरून कॉलर यायची असते. गावातल्या गटाला यातला निम्मा वेळ खरा हाती लागतो असं धरणं शहाणपणाचं. म्हणजे दिवसाला ८० कुडते. नव्या डिझाइनवर हात बसेपर्यंत पहिले तीन दिवस ४० च निघतील. तीन दिवसांत १२०, उरलेल्या ८८० ला अकरा दिवस, एकूण चौदा. त्यावर दोन दिवस राखीव. सोळा कामाचे दिवस.

१३ ऑक्टोबरपासून सोळा कामाचे दिवस मागे गेलं की आपण २५ सप्टेंबरच्या आसपास येतो. कागदावर सगळं जुळलं.

कॅलेंडरवर न छापलेलं शेत

इथं वऱ्हाड आडवा येतो. जूनच्या शेवटी पेरलेलं सोयाबीन शंभरेक दिवसांत पिकतं, आणि सोंगणी नेमकी सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. शेंगा फुटायच्या आत पीक उचलायचं असतं, वर परतीच्या पावसाची भीती. त्या पंधरवड्यात गावात मोकळे हात राहत नाहीत. ज्या बाया मशीनवर बसतात त्यांचंच शेत असतं, नाही तर त्या सोंगणीच्या ठेक्यावर जातात. सोंगणी उरकते न उरकते तोच पऱ्हाटीची वेचणी सुरू. ‘कारागीर येत नाहीत’ अशी ऑक्टोबरमध्ये जी ओरड होते, तिचं कारण जूनमध्येच पेरलेलं असतं.

म्हणून शिलाई तिथून उचलून अशा खिडकीत न्यायची, जिथं निंदण संपलेलं आहे आणि सोंगणी लागलेली नाही. ही खिडकी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. २०२६ मध्ये १७ ऑगस्टच्या सोमवारी शिलाई सुरू केली, तर रविवार, राखीपौर्णिमा आणि जन्माष्टमी वगळून ५ सप्टेंबरला बरोबर सोळा दिवस भरतात. पुढच्या आठवड्यात पोळा, त्यामागे गणपती. तोवर कुडते घडी घालून तयार. काही तपासणी राहिलीच, तर पितृपक्षात दुकानांना उठाव नसतो, ते दिवस आतल्या कामाला उत्तम.

आता आणखी मागे. कटिंग १२ ते १४ ऑगस्ट. त्याआधी दहा दिवस कापड धुऊन पाहणं, साइज सेट शिवणं आणि तो पक्का करणं. धुऊन पाहण्याचा टप्पा घाईत गाळला जातो आणि तोच सगळ्यांत महाग पडतो. सुती कापड पहिल्या धुण्यात पाच टक्के आटलं, तर चाळीस इंचांचा कुडता अडतीस इंचांचा होतो, आणि कटिंग झाल्यावर त्यावर इलाज नाही. म्हणजे कापड १ ऑगस्टला हातात हवं. ४४ इंची पन्ना, कुडत्याला अडीच मीटर, वर चार टक्के घट धरून २,६०० मीटर. ते इचलकरंजी किंवा भिवंडीकडून मागवा, नाही तर अमरावतीच्या नागपूर रोडवर सिटीलँड-बिझिलँडच्या ठोक बाजारात शोधा. एकाच खेपेचे एकसारखे ताके मिळवायला महिनाभर द्यावा. ऑर्डर १ जुलैला.

खादी हवी असेल तर गणित आणखी मागे सरकतं. एका हातमागावर दिवसाला सात मीटर धरले, तर दहा मागांवर २,६०० मीटरला अडतीस दिवस लागतात. सूत मिळवणं आणि ताणा लावणं वेगळं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयासारख्या संस्था विदर्भातल्या कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी तयार करतात. तसं कापड हवं असेल तर रंगाई आणि वाळवण मृग लागायच्या आत संपलेली बरी, म्हणजे मागणी हिवाळ्यातच नोंदवायला हवी. गिरणीच्या कापडात अडचण शिलाईची असते, खादीत ती मागावर असते. आपला अडसर नेमका कुठं आहे हे ओळखलं की राखीव दिवस कुठं ठेवायचे ते कळतं.

या सगळ्या हिशेबातून एक गोष्ट उघड होते. १ जुलै ते ५ सप्टेंबर हे ६७ दिवस आहेत, आणि त्यात कात्री आणि मशीन चालण्याचे दिवस फक्त १९. बाकीचे दिवस वाट पाहण्याचे: कापडाची, नमुन्याची, कोणाच्या तरी ‘हो’ची. कारागिराला घाई लावून या १९ मधले फार तर दोन वाचतील. मालकानं नमुना वेळेत पक्का केला तर आठवडा वाचतो. उशीर बहुतेक वेळा निर्णयात होतो आणि त्याचं खापर शिलाईवर फुटतं.

शाळेच्या गणवेशानं दाखवलेलं

हीच गोष्ट महाराष्ट्रानं मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात राज्यानं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापडाची खरेदी एका ठिकाणाहून, एका गणवेशाची शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून. दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचं कापड शाळेच्या हाती, आणि तो शिवून घ्यायला मुलामागे ११० रुपये. शाळा सुरू व्हायची तारीख मात्र हलणार नव्हती. विदर्भात ती १ जुलै होती. अनेक शाळांत १५ ऑगस्टचं झेंडावंदनसुद्धा नव्या गणवेशाविना झालं. कुठं मापं चुकली, कुठं ११० रुपयांत शिंपी मिळेना. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं.

बचत गटांच्या बायांना शिवता येत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही. कापड, माप, शिलाई आणि वाटप चार वेगवेगळ्या हातांत, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जायची तारीख कोणाच्याच नावावर नाही, अशी साखळी आकारानं जितकी मोठी तितकी उशिरा पोचते. लहान ब्रँडला यातून घेण्यासारखं एकच: वहीत प्रत्येक टप्प्यापुढे तारीख लिहाच, पण तिच्यापुढे एका माणसाचं नावही लिहा. ‘आम्ही’ हे नाव चालणार नाही.

जे शेवटी ठरवता येतं

सगळेच निर्णय लवकर घ्यायचे असतात असं नाही. इटलीच्या बेनेटन कंपनीनं काही स्वेटर बिनरंगी विणून ठेवायला सुरुवात केली आणि हंगामात कोणता रंग खपतो ते पाहून मग रंगवले. ज्या गोष्टीचा अंदाज चुकण्याची शक्यता जास्त, ती शेवटी. ज्या कामाला दिवस लागतात, ते आधी.

मोझरीच्या उदाहरणात कुडत्याला वेळ लागतो, तो आधी शिवून ठेवायचा. टोपी काही मिनिटांत होते. तेव्हा भगवं कापड ताक्यातच राहू द्यावं आणि गावोगावच्या सेवा मंडळांचे आकडे आले की नवरात्रात टोप्या शिवाव्यात. दोन-तीन मशीन पुरतात आणि सोंगणीच्या दिवसांतही तेवढे हात मिळतात. कापड मात्र एकाच रंगखेपेचं एकदम घेऊन ठेवायचं. हजार माणसं रांगेत बसली की दोन खेपांच्या भगव्यातला फरक लांबूनही दिसतो.

थांबलेल्या पैशाचं व्याज

लवकर शिवलं म्हणजे पैसा लवकर अडकला, हा आक्षेप खरा आहे. कापड १२० रुपये मीटर धरा. २,६०० मीटरचे ३ लाख १२ हजार रुपये जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चार महिने पडून राहतील. वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचं व्याज १२,४८० रुपये, म्हणजे कुडत्यामागे साडेबारा रुपये. सोंगणीच्या दिवसांत कारागीर ओढून आणायला द्यावा लागणारा जादा दर किंवा पंचमीनंतर उरलेले शे-दोनशे कुडते यापुढे हे साडेबारा रुपये मांडा, मग ठरवा. अडचण एवढीच की जुलै हा बियाणं-खताचाही महिना, तेव्हा गावात रोकड नसते. म्हणून कापडासाठीच्या कर्जाचा अर्ज मे महिन्यात करायचा. आपली पहिली तारीख तीच.

अमरावतीहून मोझरीला येणाऱ्या महामार्गावरच नांदगाव पेठ आहे. तिथल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाचं भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून केलं. आज वऱ्हाडचा कापूस १७० किलोच्या गाठींत बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो. सूत, कापड आणि रंगाई जवळ आली, तर आपल्या हिशेबातला कापडाचा महिना दहा दिवसांवर येऊ शकेल. मात्र शिलाईची खिडकी सोयाबीनच्या शेतावरूनच ठरेल, आणि नमुना पक्का करायला लागणारा आठवडा मालकाच्याच हातात राहील.

म्हणून या आठवड्याचं काम एवढंच. तुमच्या मालाची न हलणारी तारीख पंचांग उघडून लिहा. तिथून मागे येत शिलाई, कटिंग, नमुना, कापड आणि पैसा अशा पाच तारखा मांडा, आणि प्रत्येकीसमोर एक नाव. गिऱ्हाइकाला सांगायची तारीख मात्र सहावी, आपल्या पोचवायच्या तारखेच्या तीन दिवस पुढची.

*पुढील लेखांकात : शिलाईचा दर नगावर की रोजावर?*