न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या मोटरहोमने
न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, जेथे ग्रीष्म डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असतो आणि वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, तेथे सहकुटुंब मोटरहोम घेऊन निघणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे की, २०२३ च्या कायद्यान्वये ‘स्वयंपूर्ण’ असा दाखला मिळण्यास गाडीत पक्के बसविलेले शौचकूप आवश्यक असून, त्यावाचून अनेक सार्वजनिक जागी मुक्कामास मज्जाव आहे. त्याची टाकी बाहेरच्या दाराने ओढून नेमल्या ठिकाणीच रिती करावी लागते. मुले हा विधी नाक दाबून, परंतु विलक्षण कुतूहलाने पाहतात! हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठीमुळे दुधाळ निळे झालेले पुकाकी सरोवर आणि त्यामागील ३७२४ मीटर उंचीचे आओराकी शिखर खिडकीतून न्याहाळीत पोहे परतण्याचे सुख मात्र हॉटेलात नाही. डिझेल गाडीवर अंतरानुसार निराळा सरकारी कर पडतो. तो भाड्यात धरला आहे काय, याची करारनाम्यात खातरजमा करावी.