बंदुकींतील ठिणगीचा प्रवास

बंदुकीचा आवाज फार दूरवर ऐकूं जातो. परंतु तो ज्या लहानशा घटनेंतून उत्पन्न होतो, ती मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. तत्त्वतः बंदूक हें साधें यंत्र आहे. एका टोकास बंद असलेली मजबूत नळी, तींत मागें दारू व दारूपुढें घट्ट बसलेली गोळी, एवढेंच तिचें मूळ स्वरूप. दारू पेटली कीं तिचा तप्त वायु होतो. त्यास पसरावयास जागा हवी असते, आणि भोंवतीं धातूची भिंत असल्यामुळें तो गोळीस पुढें लोटतो.

जुन्या काळ्या दारूच्या शंभर भागांत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. कोळसा व गंधक हें जळण. त्यास लागणारा प्राणवायु सोऱ्यांतून मिळतो. म्हणूनच बाहेरची हवा नसतांही ती नळींत पेट घेते. आतां प्रश्न उरतो तो एकच: बंद नळींतील या दारूपर्यंत विस्तव पोंचवावयाचा कसा? बंदुकीच्या बहुतेक सुधारणा याच प्रश्नाभोंवतीं झाल्या.

पहिलें उत्तर तोड्याच्या बंदुकीचें. मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांत हीच बंदूक असे. नळीच्या मागील अंगास एक बारीक छिद्र असे. त्यास कान म्हणत. कानाशेजारच्या वाटींत रंजक, म्हणजे बारीक दारू, घालीत. सोऱ्याच्या पाण्यांत भिजवून वाळविलेली दोरी, म्हणजेच तोडा, एका वांकड्या दांडींत धुमसत ठेवीत. चाप ओढला कीं दांडी खालीं येई, रंजक पेटे व ज्वाळा कानांतून आंत शिरे. पावसांत तोडा विझे, आणि अंधारांत त्याचा निखारा शत्रूस दिसे.

पुढें सतराव्या शतकांत युरोपांत चकमकीच्या बंदुकीचा प्रसार झाला. घोड्याच्या जबड्यांतील गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणग्या पाडी. तोडा गेला, पण रंजक राहिली. तिचा भडका पाहून गोळी पोंचण्यापूर्वींच पक्षी उडून जात. शिकारीची आवड असलेल्या अलेक्झांडर फॉर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानें १८०७ सालीं आघातानें पेटणाऱ्या रसायनावर चालणाऱ्या रचनेचें पेटंट घेतलें. त्याच कल्पनेंतून पुढें तांब्याची टोपी निघाली. कानावर टोपी बसवावयाची व तिच्यावर घोडा पाडावयाचा. रंजकेचें काम संपलें.

१८५७ सालीं हिंदुस्थानांत ज्या काडतुसांवरून असंतोष भडकला, तीं अशाच टोपीच्या एन्फील्ड बंदुकीचीं होतीं. हीं कागदी काडतुसें दातांनीं तोडून दारू नळींत ओतीत व मग गोळी गजानें ठांसीत. गोळीस गिरकी मिळून ती सरळ जावी म्हणून नळींत पेंचदार खांचा पाडलेल्या असत. अशा नळींत गोळी सुलभ उतरावी म्हणून काडतुसास वंगण लावीत. त्यांतील चरबीनेंच संशय माजविला.

शेवटीं टोपी, दारू व गोळी हीं तिन्ही एका पितळी काडतुसांत आलीं. आतां काडतूस मागल्या बाजूनें नळीच्या घरांत बसतें. चाप ओढला कीं अडकण सुटते, स्प्रिंगच्या जोरानें कील टोपीवर आदळते, टोपी दारू पेटविते. पितळेचें कवच दाबानें फुगून घराच्या भिंतीस चिकटतें, आणि वायु मागें फुटत नाहीं.

या सुधारणेबरोबर एक धोकाही आला. धुमसता तोडा बंदूक सज्ज असल्याचें दुरून सांगे. आतांचा विस्तव टोपींत निजलेला असतो. भरलेली व रिकामी बंदूक बाहेरून सारखींच दिसतात. पिस्तुलाचें मॅगझिन काढून घेतलें तरी नळीच्या घरांत एक काडतूस शिल्लक असूं शकतें, आणि तेवढें एक पुरेसें असतें. म्हणून जाणते लोक प्रत्येक बंदूक भरलेलीच समजतात, तिचें तोंड माणसाकडे करीत नाहींत, आणि नेम धरल्याखेरीज चापावर बोट ठेवीत नाहींत. ज्या घरांत परवान्याची बंदूक आहे, तेथें हे तीन नियम पोरांसोरांनाही ठाऊक असावेत; आणि बंदूक मात्र त्यांच्या हातीं न लागेल अशी कुलुपांत असावी.