मधल्या वेळचे खाणे

लठ्ठ माणसाच्या सेवेला आज सारे जग हजर आहे. त्याच्यासाठी व्यायामशाळा निघाल्या आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, वर्तमानपत्रांत सदरे आहेत. कृश माणसाला मात्र कोणी वाली नाही. ‘वजन वाढत नाही हो!’ अशी तक्रार त्याने केली, की ऐकणारे हसतात आणि ‘नशीबवान आहात!’ म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारतात. ती थापसुद्धा जरा बेतानेच मारावी लागते, ही गोष्ट निराळी!

निदान भाषेने तरी त्याच्यावर दया करावी, तर तेथेही निराशाच. मी मराठीचा अध्यापक. आमच्या भाषेत कृश माणसासाठी किती शब्द आहेत म्हणता? काटकुळा, हडकुळा, किडकिडीत, मरतुकडा आणि वर ‘पाप्याचे पितर’! ‘सडपातळ’ आणि ‘शेलाटा’ हे दोन शब्द तेवढे सभ्य, पण ते कादंबरीकारांनी बहुधा नायक-नायिकांसाठी राखून ठेवलेले. परंतु याच मराठीत एक फार शहाणा वाक्प्रचार आहे : अन्न ‘अंगी लागणे’. अन्न पोटात जाणे वेगळे आणि ते अंगी लागणे वेगळे, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. आजच्या नोकरदार माणसाचे अन्न अंगी का लागत नाही आणि ते लागावे म्हणून काय करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष उंचीच्या मानाने कमी वजनाचे आढळले. त्यासाठी लावलेले माप सोपे आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले, तर माणूस कृश. या टक्केवारीत गरिबीचा वाटा मोठा आहे आणि त्या दुखण्यावर माझ्यासारख्याच्या लेखणीत औषध नाही. मी लिहितो आहे ते, स्वयंपाकघरात डबे भरलेले असूनही ज्यांच्या पोटात वेळेवर काही जात नाही, अशा आपल्यासारख्यांविषयी.

माझीच गोष्ट सांगतो. २०२२ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. ताप गेला, पण जाताना चार किलो घेऊन गेला. उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ४७ किलो. म्हणजे वरील मापाने आकडा सोळाच्या थोडा वर. दिवाळीपर्यंत वजन आपोआप भरून येईल असे सारे म्हणत होते, पण दिवाळी गेली, नाताळ गेला, तरी काटा हलेना. शेवटच्या तासाला माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचेना. फळ्याशी हात वर धरला, की दंड भरून येई. घरी आल्यावर मुलाने साधा समास विचारला, तरी मी त्याच्यावर खेकसे. आईने एके दिवशी माझे मनगट आपल्या बोटांच्या कवेत धरून पाहिले आणि काही न बोलता ती आत निघून गेली.

आमच्या डॉक्टरांनी प्रथम रक्तातील साखर पाहिली, थायरॉइड पाहिले, छातीचा फोटो काढला. हे आधी करणे अगत्याचे असते. कारण नसताना वजन उतरू लागले, तर मधुमेह, क्षय, थायरॉइड यांपैकी काही पाठीमागे आहे का, हे पाहिल्यावाचून लाडू खात सुटणे धोक्याचे. माझ्या साऱ्या तपासण्या निर्दोष निघाल्या. तेव्हा डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे केला आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत केव्हा काय खाता ते लिहा म्हणाले. मी लिहिले. रात्रीचे जेवण नऊला. पहाटे साडेपाचला चहा. सहाची लोकल, सातवीसला पहिला तास, मधे दोनदा चहा, आणि घरी येऊन जेवण दुपारी अडीचला. डॉक्टरांनी कागदावर नजर फिरवली आणि म्हणाले, “सर, पत्रिकेतले ग्रह सगळे चांगले आहेत हो, पण घरेच रिकामी आहेत!”

रात्री नऊ ते दुपारी अडीच, म्हणजे साडेसतरा तास! एकादशीचा उपास करणारा मनुष्यसुद्धा तेवढ्या वेळात दोनदा साबुदाण्याची खिचडी खातो.

मुंबईच्या डबेवाल्यांचा धंदा १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केला, तेव्हापासून कचेरीतल्या माणसाला दुपारी घरचे अन्न मिळण्याची सोय झाली. पण ती दुपारच्या जेवणाची. सकाळच्या पाळीचा कामगार, परिचारिका, बँकेत खिडकीवर बसणारी बाई, महाविद्यालयातला अध्यापक यांच्या दिवसात एक तर दुपार नावाची वेळच नसते किंवा ती भलत्याच ठिकाणी येते. शाळेत असताना आपल्याला ‘मधली सुट्टी’ असे आणि घरी ‘मधल्या वेळचे’ खाणे असे. नोकरीला लागताच ही दोन्ही सुटतात आणि त्यांच्या जागी येतो चहा. चहा भूक मारतो, पोट भरत नाही. शिवाय जेवणाबरोबर घेतलेला चहा धान्याभाज्यांतील लोह शरीराला नीट शोषू देत नाही, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे, हे आता सर्वमान्य झाले आहे.

अपुरे खाण्याचा परिणाम केवळ अंगावर होत नाही, स्वभावावरही होतो. दुसरे महायुद्ध संपत आले असताना अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने याचा एक प्रयोग केला. युद्ध संपल्यावर उपाशी युरोपला पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ३६ धडधाकट तरुण आपण होऊन पुढे आले. १९४५ मध्ये त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले, हे अपेक्षितच होते. परंतु ते चिडखोर, उदास आणि माणूसघाणे झाले. मन एकाग्र होईना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. माझी गत त्यांच्याइतकी वाईट नव्हती. पण मुलावर खेकसणारा मनुष्य कोण होता, याचा मात्र मला थोडा उलगडा झाला.

आता हिशेबाकडे वळू. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन सुमारे ४ उष्मांक देते आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. अंगावरील एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. तेव्हा खर्च भागून रोज ३०० उष्मांक शिल्लक पडले, तर कागदावर पंचवीस-सव्वीस दिवसांत एक किलो वाढायला हवे. शरीर काही मुनीमजींसारखे वागत नाही, वजन वाढते तसा खर्चही वाढतो. पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. आणि ३०० उष्मांक म्हणजे काही मेजवानी नव्हे. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे १७० उष्मांक आणि सात-आठ ग्रॅम प्रथिने देतात. मध्यम केळे सुमारे १००. म्हशीच्या दुधाचा पेला २००. चहाचा एक चमचा तूप ४५.

यातून माझे वेळापत्रक तयार झाले. सौभाग्यवतीही नोकरी करतात, त्यामुळे पहाटे उठून कोणी काही रांधायचे नाही, ही पहिली अट. पहाटे भूक नसते आणि घास फिरतो, म्हणून तेव्हा पिण्याजोगे काहीतरी : पेलाभर दुधात चार मोठे चमचे सातूचे पीठ आणि गूळ. आजीच्या काळातले हे सातूचे पीठ दोन मिनिटांत कालवून होते आणि साडेतीनशेच्या आसपास उष्मांक देऊन जाते. दुसऱ्या तासानंतर नऊच्या सुमारास केळे आणि दाणे. साडेअकराला आदल्या रात्रीच्या पोळीला तूप आणि दाण्याची चटणी लावून केलेली गुंडाळी. ती जिन्यात उभ्या उभ्याही खाता येते. अध्यापक-कक्षातील माझ्या कपाटात संदर्भग्रंथांच्या शेजारी दाण्यांची बरणी आली. पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांनी थट्टा केली, दुसऱ्या आठवड्यात बरणी निम्मी केली. तिसऱ्या आठवड्यापासून आम्ही वर्गणी काढू लागलो.

खरी अडचण खाण्याची नसून आठवणीची असते. कामात गढलेल्या माणसाची भूक वाट पाहून निघून जाते. म्हणून भूक लागण्याची वाट पाहायची नाही. तास घेण्यासाठी जशी आपल्याला स्फूर्ती लागत नाही, घंटा पुरते, तसेच हे. मोबाइलवर मी नऊ आणि साडेअकराचे गजर लावून ठेवले. घरच्या जेवणातही ताटाचा आकार न वाढवता त्याची ताकद वाढवता येते : ताकाऐवजी दही, आमटीत पाण्यापेक्षा डाळ अधिक, कोशिंबिरीत दाण्याचे कूट, भातावर तूप. जेवणाआधी पेलाभर पाणी पिऊन पोट भरायचे नाही. आपल्या महाराष्ट्रीय स्वयंपाकात दाण्याच्या कुटाला इतका मान का, याचे उत्तर मला एवढ्या वर्षांनी मिळाले.

येथे एक सावधगिरीची सूचना. ‘वजन वाढवायचे ना? मग खा वडे आणि पेढे!’ असे सांगणारे हितचिंतक पावलोपावली भेटतात. त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची-वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा इंग्रज डॉक्टरांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसत असलो, तरी आतून चरबीचे असू शकतो, आणि मधुमेहाला तेवढे पुरते. तेव्हा नुसता काटा पुढे सरकवून भागत नाही. वाढलेले वजन पोटावर न बसता दंडा-मांड्यांत गेले पाहिजे.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, प्रथिने. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली आहेत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला बेचाळीस ग्रॅमच्या आसपास. डाळ-भात, उसळ, दूध, दही, दाणे आणि चालत असतील तर अंडी-मासळी यांतून ती सहज भरतात. दुसरी गोष्ट मेहनत. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, त्यासाठी ना यंत्र लागते ना वर्गणी. मी बारा नमस्कार आणि वीस बैठकांपासून सुरुवात केली. थकवा येईल म्हणून जी भीती वाटत होती, तिच्याऐवजी भूक आली. दुपारच्या जेवणात एक पोळी वाढली, ती मागून घेतलेली.

जानेवारी २०२३ मध्ये मी हे सुरू केले. पहिले तीन किलो एप्रिलअखेर आले. मग काटा रुसून बसला, कारण परीक्षांच्या दिवसांत गजर बंद पडले होते. ते पुन्हा लावले. सप्टेंबरात वजन ५४ भरले, म्हणजे मापाचा आकडा १८.५ च्या जेमतेम पलीकडे. कोणी मला पैलवान म्हणणार नाही. पण शेवटच्या तासाला मागच्या बाकावरून ‘सर, ऐकू येत नाही’ अशी चिठ्ठी आता येत नाही, आणि चिरंजीव समास विचारायला आपण होऊन येतात. आईने पुन्हा माझे मनगट पाहिले आणि या वेळी ती म्हणाली, “आता जरा अंगी लागतंय बरं का!”

वाचकहो, दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचे ताट पुढे ठेवून ‘घे रे, वाळलास किती!’ असा आग्रह घरोघर होईल. तो प्रेमाचाच असतो. परंतु चार दिवसांच्या चकल्या-करंज्यांनी कोणाची मनगटे भरत नाहीत. तुमच्या घरी सकाळी सहाला बाहेर पडणारी सून असेल, रात्रपाळीचा मुलगा असेल, तर फराळ संपल्यावर थंडीत एक डबा डिंकाच्या किंवा दाण्या-गुळाच्या लाडवांचा भरा आणि तो घरातल्या फळीवर न ठेवता त्यांच्या पिशवीत ठेवा. बरोबर दोन केळी द्या. मधुमेह असेल, तर लाडवांऐवजी दाणे आणि डॉक्टरांचा सल्ला. टोमणे मात्र देऊ नका. ते कोणाच्याच अंगी लागत नाहीत. आणि संध्याकाळी घरी आल्यावर ‘काय केलेस?’ असे विचारण्याआधी ‘साडेअकराला काय खाल्लेस?’ एवढे विचारा.