हातात चावी एक, नोंद तिघांची

तीन वर्षांपूर्वी आम्ही सेकंड हँड गाडी घेतली. अब्बांच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा शहरात जावे लागे. विकणाऱ्याने एकच चावी दिली. दुसरी कुठेतरी हरवली म्हणाला. आम्हीही फार विचारले नाही.

पुढे बाजारातल्या चावीवाल्याकडून ड्युप्लिकेट करून घेतली. तिने दार उघडले, स्टार्टर फिरला, इंजिन सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत होता. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, इंजिनचा कॉम्प्युटर गेला." खर्चाचा आकडा ऐकून आमचे हे मटकन खालीच बसले.

माझा मामेभाऊ ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. त्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "बाजी, जुन्या चावीने सुरू होते ना? मग कॉम्प्युटर ठणठणीत आहे. नव्या चावीत चिप नाही."

मूळ चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक छोटी चिप असते. तिला सेल लागत नाही. चावी लावण्याच्या जागेभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातल्या रेडिओ लहरींवरच ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर जुळला तरच कॉम्प्युटर इंजिन चालू देतो. यालाच इमोबिलायझर म्हणतात. रिमोटचा सेल संपला तरी अशी चावी फिरवून गाडी सुरू होते, ती याचमुळे.

मुलाने फोनला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आणले होते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये ते बसते. आपल्याकडे २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत त्यावर इंजिनाचे दोष वाचता येतात. घरी ठेवण्यासारखीच वस्तू आहे. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ आला तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतेय एवढेच कळते. कारण फाटलेला पाइप असेल, नाहीतर सेन्सर. मेकॅनिकने पाहण्याआधी कोड पुसू नये, आणि काम झाले की स्कॅनर काढून ठेवावे, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते. मात्र चावीची नोंद अशा स्कॅनरने होत नाही. त्याला त्या कामाचे वेगळे यंत्र लागते आणि बॅटरीही भरलेली हवी. लिहिण्याचे काम मध्येच तुटले तर कॉम्प्युटर खरोखरच बिघडू शकतो.

एक चावी चालू असताना दुसरी नोंदवणे सोपे असते. सगळ्याच हरवल्या तर गाडी टो करा, मालकीचे कागद दाखवा, कंपनीकडून कोड मिळवा, अशी धावपळ होते. शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते.

भाऊ रविवारी यंत्र घेऊन आला. जोडल्यावर त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. नोंदवलेल्या चाव्या : ३. आमच्याकडे तर एकच होती! तीन वर्षे गाडी रात्री गल्लीत उभी राहत होती आणि तिच्या दोन चालू चाव्या कुणाकडे तरी होत्या. त्याने सगळ्या नोंदी पुसल्या. आमची जुनी आणि चिप असलेली नवी, अशा दोनच पुन्हा नोंदवल्या. मग दारांची कुलुपेही बदलून घ्यायला सांगितले, कारण जुन्या चावीने इंजिन चालू होणार नसले तरी दार उघडतेच.

नवी चावी आता अम्मीच्या कपाटात असते. नंबरचा टॅग गाडीत नाही, घरच्या कागदपत्रांत ठेवला आहे.